अभ्यास मंडळ चालवायचंय? जग, लोकशाही आणि आपलं गाव यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावात, कॉलनीत किंवा सोसायटीत दहा-बारा जणांनी महिन्यातून एकदा बसून जगातल्या घडामोडी आणि आपला कारभार समजून घ्यायचा, एवढीच ही गोष्ट. पण ती सुरू करताना आणि टिकवताना तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

पेपर वाचतो, बातम्या बघतो. मग मंडळाची गरज काय?

बातमी एकट्याने वाचली की लगेच मत बनतं. तेच मत दहा जणांसमोर मांडायचं म्हटलं की आधार शोधावा लागतो. मंडळाचं पहिलं काम हेच: एक विषय कागदपत्रांसह नीट समजून घेणं. दुसरं काम म्हणजे त्या विषयावर जो निर्णय घेतो त्याच्यापर्यंत लेखी काहीतरी पोचवणं. हे दुसरं काम सुटलं की मंडळाचा अड्डा होतो. अड्ड्याला हरकत नाही, पण त्यासाठी सतरंजी आणि विषयपत्रिका लागत नाही.

असे प्रयोग आधी कुठे झाले आहेत?

स्वीडनमध्ये 1902 साली लुंड शहरात ऑस्कर ओल्सन यांनी अभ्यास वर्तुळं सुरू केली. शिक्षक नाही, परीक्षा नाही, फक्त पुस्तकं आणि चर्चा. अमेरिकेत 1954 साली ओरेगॉनमधल्या पोर्टलंडमध्ये ‘ग्रेट डिसिजन्स’ सुरू झालं. परराष्ट्र धोरणाचे वर्षाला सुमारे आठ विषय ठरतात, त्यांची वाचनपुस्तिका निघते, लोक घरांत आणि वाचनालयांत छोट्या गटांनी बसतात आणि शेवटी आपलं मत मतपत्रिकेवर नोंदवून पाठवतात.

आपल्याकडचं सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मात्र शहरातलं नाही. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात अभ्यास गट आणि ग्रामसभा अशी दोन वेगळी अंगं आहेत. अभ्यास गटात कोणीही बसावं, बाहेरचा जाणकार बोलवावा, कायदा वाचावा, शंका काढाव्यात; पण निर्णय तिथे होत नाही. निर्णय ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या नावाशी जोडलेली ही पद्धत नुसती ऐकायला छान नाही. वनहक्क कायदा याच गावाने वाचून पचवला आणि 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. पुढे 2011 साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला. शिकायची जागा आणि ठरवायची जागा वेगळी ठेवली की अभ्यासात कोणाची हार-जीत होत नसते, म्हणून माणसं मोकळी बोलतात. नव्या मंडळाने दुसरं काही नाही तरी एवढं उचलावं.

किती माणसं हवीत? कुठे बसायचं? किती वेळ?

आठ ते पंधरा. पंधराच्या वर गेलं की चार जण बोलतात आणि बाकीचे घड्याळ बघतात. तेव्हा दोन गट करा. बैठक 90 मिनिटांची, महिन्यातून एकदा. वार आणि वेळ ठरलेली असावी, उदाहरणार्थ दुसरा रविवार, संध्याकाळी 5. ‘सगळ्यांच्या सोयीने ठरवू’ म्हटलं की तिसऱ्या महिन्यात बैठक होत नाही.

जागेसाठी सार्वजनिक वाचनालय सगळ्यात बरं. तालुक्याच्या गावांतही शासनमान्य ग्रंथालयं आहेत आणि संध्याकाळी त्यांची वाचनकक्षाची खोली बहुतेक रिकामी असते. शाळेचा वर्ग चालतो, पण बाकं सरकवून गोल करा. रांगेत बसवलं की लोक आपोआप विद्यार्थी होतात. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो, मात्र काही शेजारी तिथे येणार नाहीत आणि का येत नाही तेही सांगणार नाहीत. कोणाच्या घरी बैठक ठेवली तर त्या घरातली बाई दीड तास स्वयंपाकघरात जाते. चहा हवाच असेल तर टपरीवरून मागवा.

जागतिक विषय लोकांना कंटाळवाणे वाटतात. काय करावं?

विषय गावातून बाहेर न्या, बाहेरून गावात आणू नका. ‘संयुक्त राष्ट्रांची रचना’ या विषयाला तीन जण येतील. नाशिक पट्ट्यात ‘तांबड्या समुद्रातले हल्ले आणि आपली द्राक्षं’ म्हटलं तर खोली भरेल, कारण 2023च्या अखेरीपासून युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि नाशवंत मालाचे दिवस नि भाडं दोन्ही वाढलं. त्या चर्चेत येमेन येतो (हल्ले तिथल्या हूती बंडखोरांचे), सुएझ कालवा येतो आणि सुरक्षा परिषदही येते. तिच्या 15 सदस्यांपैकी 5 कायम का, हा प्रश्न मग लोकच विचारतात.

कोकणात हापूस घ्या: 2014च्या मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर बंदी घातली आणि 2015च्या सुरुवातीला उठवली. लातूर भागात सोयाबीन आणि इंडोनेशियाचं पामतेल घ्या. 2022च्या एप्रिल-मेमध्ये त्या देशाने निर्यात थांबवली तेव्हा इथल्या तेलाच्या डब्यापर्यंत झळ आली. गोव्यात पोर्तुगीज नागरिकत्व आणि ब्रेक्झिट (ब्रिटनचं युरोपीय संघातून बाहेर पडणं) हा विषय घरोघरचा आहे. पुण्यात हिंजवडीच्या आसपास व्हिसाचे नियम म्हटलं की कोणाला बोलवावं लागत नाही.

विषय पक्का करण्याआधी एक बघा: या प्रश्नावर भारतात निर्णय नेमकं कोण घेतं हे एका वाक्यात सांगता येतं का? नसेल तर विषय अजून फार मोठा आहे, तो कापा.

एक बैठक प्रत्यक्षात कशी चालते?

कांदा निर्यातीची बैठक धरू. आठवडाभर आधी चार पानांचा संच सगळ्यांना द्या. पहिल्या पानावर फक्त घटनाक्रम: ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, 8 डिसेंबर 2023 पासून बंदी, बंदीच्या काळातही बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती अशा काही देशांना सरकारमार्फत ठरावीक कोटा, 4 मे 2024 रोजी बंदी उठली, पण टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून कमी भावाने निर्यात करता येत नाही) आणि 40 टक्के शुल्क राहिलं, सप्टेंबर 2024 मध्ये किमान मूल्य गेलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आलं, 1 एप्रिल 2025 पासून शुल्कही गेलं. दुसऱ्या पानावर नकाशा. तिसऱ्यावर मूळ अधिसूचनेचा मराठी गोषवारा आणि शेजारी ढाक्याच्या एखाद्या दैनिकातल्या बातमीचा सारांश. चौथ्यावर तीन प्रश्न आणि खाली रिकामी जागा.

पहिली 10 मिनिटं: नियम वाचणं आणि प्रत्येकाने एका चिठ्ठीवर आपलं आत्ताचं मत एका ओळीत लिहून डब्यात टाकणं. नाव घालायचं नाही. पुढची 15 मिनिटं: मंडळातलाच एक जण संच समजावून सांगतो. तो जाणकार नसावा. जाणकार असला की बाकीचे गप्प बसतात. मग 25 मिनिटं चार गट: कांदा उत्पादक, शहरातला ग्राहक, बांगलादेशातला आयातदार आणि केंद्रातला अधिकारी. खऱ्या उत्पादकाला ग्राहकाच्या गटात बसवा आणि नोकरदाराला उत्पादकाच्या. ही अदलाबदल वगळली तर लोक आपलीच गाऱ्हाणी मांडतात आणि चर्चा मार्केट यार्डच्या कट्ट्यावर होते तशीच होते. त्यानंतर 25 मिनिटं खुली चर्चा. शेवटची 15 मिनिटं फक्त एका गोष्टीसाठी: काय लिहायचं, कोणाला, कोण लिहिणार आणि कोणत्या तारखेपर्यंत.

बिघडतं ते बहुतेक वेळा शेवटीच. खुली चर्चा रंगते, शेवटची 15 मिनिटं खाऊन टाकते आणि ‘पुढच्या वेळी बघू’ होतं. म्हणून अध्यक्षाखेरीज एक वेळपाल नेमा. पंचाहत्तराव्या मिनिटाला कोणीही बोलत असो, घंटा वाजवायची. दुसरा बिघाड म्हणजे संच न वाचता येणं. त्यावर रागावून उपयोग नाही. पहिलं पान तिथेच मोठ्याने वाचून घ्या.

मोठा वक्ता बोलावला तर गर्दी होईल ना?

होईल, आणि पुढच्या महिन्यात येणार नाही. पुण्याच्या वक्तृत्वोत्तेजक सभेची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या काळात, 1875 साली सुरू झाली. ऐकण्याची आपली परंपरा जुनी आणि मोठी आहे. पण तिथला श्रोता शेवटी श्रोताच राहतो. ‘वेळेअभावी प्रश्नोत्तरं होणार नाहीत’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलंय. वक्ता बोलवायचा तर वर्षातून दोनदा. त्याला प्रश्न आठवडाभर आधी लेखी द्या, बोलायला 20 मिनिटं द्या आणि उरलेला वेळ मंडळाचा. शाल-श्रीफळ नको, त्यातच पाव तास जातो.

चर्चा भांडणावर गेली तर?

जाणारच, विशेषतः पाकिस्तान, चीन, गाझा, आरक्षण अशा विषयांवर. तीन नियम आधीच फळ्यावर लिहून ठेवा. ‘तुम्ही लोक’ म्हणायचं नाही. आकडा सांगितला तर तो कुठे वाचला तेही सांगायचं. समोरच्याला खोडायच्या आधी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि ‘हो, असंच म्हणतोय मी’ हे त्याच्याकडून यायला हवं. तिसरा नियम सुरुवातीला पोरकट वाटतो, पण आवाज खाली आणण्यासाठी त्याच्याइतकं काही चालत नाही.

सीमेवर तणाव असेल त्या महिन्यात मतांची बैठक ठेवू नका, माहितीची ठेवा. 1960च्या सिंधू जलकरारात कोणत्या नद्या कोणाला, 1972च्या सिमला करारात नियंत्रण रेषेबद्दल काय म्हटलंय, एप्रिल 2025 मध्ये भारताने सिंधू करार स्थगित केला म्हणजे नेमकं काय केलं, एवढंच. हे स्वतः वाचलेलं बहुतेकांनी नसतं आणि वाचायला बसलं की भांडायला वेळ उरत नाही.

पक्षाचे कार्यकर्ते आले तर?

येऊ द्या, तेही नागरिक आहेत आणि मतदारयादी त्यांच्याइतकी कोणाला पाठ नसते. फक्त अध्यक्ष, वेळपाल आणि खजिनदार ही तीन कामं कोणत्याही पक्षाच्या पदाधिकाऱ्याकडे नकोत. फलक, उपरणं, फोटो नाही. जागेचं भाडं किंवा चहाचे पैसे ‘मी बघतो’ म्हणून कोणी पुढे आला तर आभार मानून नको म्हणा.

व्हॉट्सॲप ग्रुपवरच चर्चा केली तर?

नको. ग्रुप फक्त बैठकीची सूचना आणि संच पाठवण्यासाठी, आणि पाठवण्याचा अधिकार ॲडमिनलाच. खुला ठेवला की पहिल्या आठवड्यात सुप्रभात, दुसऱ्यात फॉरवर्ड आणि तिसऱ्यात दोघं ग्रुप सोडतात.

बायका आणि तरुण येत नाहीत. का?

वेळ चुकीची असते म्हणून. संध्याकाळी 7 ही पुरुषांच्या सोयीची वेळ आहे. दुपारी 3 ते 4:30 ठेवून बघा, आणि मुलांना सोबत आणायला हरकत नाही हे निमंत्रणातच लिहा. बचत गटाच्या बैठकीला जोडून अर्धा तास मागून घेणं हाही चांगला रस्ता आहे. ग्रामीण भागात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यावी लागते. मंडळातल्या बायकांनी विषय तिथे आधी मांडला तर मुख्य सभेत तो बारगळत नाही.

तरुणांना ‘ऐकायला या’ म्हणून ते येत नाहीत. संच तयार करणं, नकाशा काढणं, संसदेच्या संकेतस्थळावरून प्रश्नोत्तरं शोधणं असं काम नावानिशी द्या.

चर्चेनंतर लिहायचं काय आणि कोणाला?

आपल्या देशात परदेशांशी करार करणं हे केंद्र सरकारचं काम आहे आणि त्याला संसदेची आधी मंजुरी लागत नाही. त्यामुळे संसदेत प्रश्न विचारला जाणं हे लोकांच्या हातातलं मोठं साधन. खासदाराला ‘लक्ष घालावे’ असं निवेदन देऊ नका. थेट प्रश्नाचा मसुदा द्या. लोकसभेत दिवसाला 20 तारांकित (उत्तर सभागृहात तोंडी) आणि 230 अतारांकित (उत्तर फक्त लेखी) प्रश्न लागतात, आणि सूचना साधारण 15 दिवस आधी जावी लागते. म्हणून अधिवेशन सुरू व्हायच्या महिनाभर आधी मसुदा खासदाराच्या स्वीय सहायकाकडे पोचवा. अतारांकित मागा, लेखी उत्तर मिळतं आणि ते कायम उपलब्ध राहतं. ‘कांद्याबाबत सरकार काय करत आहे?’ हा प्रश्न वाया जातो. ‘8 डिसेंबर 2023 ते 4 मे 2024 या काळात कोणत्या देशांना किती टन कांदा निर्यात झाला, देशवार व महिनावार’ हा चालतो.

दुसरं साधन माहितीचा अधिकार. इथे तीन चुका नेहमी होतात. पहिली, अर्ज मंडळाच्या लेटरहेडवर जातो. कायद्याने हा अधिकार नागरिकाला आहे, तेव्हा अर्ज एका व्यक्तीच्या नावाने आणि पत्त्याने करा. दुसरी, अर्जात ‘का’ विचारलं जातं. कायद्याने कार्यालयात आधीच असलेला कागद मिळतो, कारणमीमांसा मिळत नाही. ‘बंदी का घातली?’ ऐवजी ‘अधिसूचनेपूर्वी झालेल्या बैठकांच्या इतिवृत्ताच्या प्रती’ मागा. तिसरी, एकाच अर्जात पाच विषय. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांसाठी अर्ज 150 शब्दांत आणि एका विषयापुरता हवा. केंद्राच्या नियमांत 500 शब्दांपर्यंत मुभा आहे. शुल्क 10 रुपये, राज्यात कोर्ट फी स्टॅम्प लावून चालतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. नाही आलं किंवा पटलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत दुसरं. परकीय राष्ट्राशी संबंध बिघडतील अशी माहिती आणि मंत्रिमंडळाचे कागद नाकारता येतात, तेव्हा आकडे, तारखा आणि पत्रव्यवहाराच्या याद्या आधी मागा.

ग्रामसभेत असे विषय घेता येतात का?

येतात, पण ठराव आपल्या गावाशी जोडून लिहा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या नेहमीच्या तारखा. सूचना सात दिवस आधी निघते, म्हणून विषय त्याआधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्या आणि पोच घ्या. ऐनवेळचा विषय म्हणून मांडलात तर अध्यक्षाच्या मर्जीवर जातो. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जे कमी असेल ते. इतिवृत्तात ठराव नेमक्या शब्दांत उतरला का, हे सही करण्याआधी वाचा. सभेनंतर आठवड्याने नक्कल मागायला जाल तेव्हा मजकूर बदललेला असू शकतो.

शहरात ग्रामसभा नाही. मग?

अवघड आहे, हे मान्य करावं लागेल. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असं 74वी घटनादुरुस्ती सांगते, पण त्या बैठकीत सामान्य माणसाला बोलायला जागा फारशी नसते. पुणे महापालिकेत 2006-07 पासून नागरिकांना अंदाजपत्रकात कामं सुचवता येतात. ठरलेल्या मुदतीत क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यायचा. या पद्धतीचं मूळ ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात, 1989 सालचं. तिथे वस्त्यांच्या सभा प्राधान्यक्रम ठरवत. आपल्याकडे सूचना देता येते, निवड प्रशासन करतं. हा फरक एका बैठकीचा उत्तम विषय आहे, आणि त्या महिन्याचं लेखी काम म्हणजे अर्जच.

निवडणुकीत सगळ्या उमेदवारांना एका व्यासपीठावर आणता येईल का?

येईल. निमंत्रण सगळ्यांना एकाच दिवशी, एकाच मजकुराचं, पोच घेऊन. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयाला लेखी कळवा आणि परवानगीबद्दल तिथेच विचारा. बोलण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून, प्रत्येकाला तीन मिनिटं. प्रश्न श्रोत्यांकडून लेखी घ्या आणि तिघांनी मिळून निवडा. माइक प्रेक्षकांत फिरवला तर प्रश्नाऐवजी भाषण येतं. जो येणार नाही त्याची खुर्ची नावासह रिकामी ठेवावी की नाही यावर मंडळांत मतभेद आहेत. आमचं मत: ठेवू नका, तो टोमणा होतो. फक्त ‘निमंत्रण सर्वांना दिलं होतं’ एवढं जाहीर करा. उमेदवारांची शपथपत्रं आधी वाचून घ्या. विधानसभा-लोकसभेला मतदान संपण्याआधीच्या 48 तासांत असा कार्यक्रम नको.

मतदार नोंदणीत मंडळ काय करू शकतं?

नवीन नाव नमुना 6, दुरुस्ती किंवा पत्ताबदल नमुना 8, नाव वगळण्याबाबत नमुना 7. अर्हता दिनांक (ज्या दिवशी अठरा पूर्ण असावी लागतात तो) आता वर्षातून चार आहेत: 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. यादीची छापील प्रत घेऊन आपल्या दोन गल्ल्या तपासा. मोठ्या मोहिमेपेक्षा त्यातून जास्त नावं सुधारतात.

नोंदणी करावी का? पैसे किती लागतात?

पहिली दोन वर्षं नोंदणीची गरज नाही. पंधरा जणांना चार पानं म्हणजे 60 झेरॉक्स आणि चहा, एवढाच खर्च. जमाखर्च दर बैठकीला वाचून दाखवा. बँक खातं, अनुदान किंवा नियमित देणग्या हव्या असतील तेव्हा संस्था म्हणून नोंदवा. त्यासाठी किमान सात सभासद लागतात.

परदेशात असलेला गाववाला देणगी देतोय. घ्यावी का?

त्याचा पासपोर्ट कोणता, ते आधी विचारा. भारतीय नागरिकत्व असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परकीय देणगी धरली जात नाही. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरीही, ती परकीय देणगी ठरते आणि 2010च्या परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. रक्कम लहान असली तरी नियम तोच.

परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांना यात काही करता येईल?

लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, उत्तर अमेरिकेतलं बृहन्महाराष्ट्र मंडळ 1981 पासून. गणपती आणि दिवाळीपलीकडे जायचं तर दोन सोपी कामं आहेत. एक, भारतीय पासपोर्ट असलेल्यांना नमुना 6अ (परदेशस्थ मतदारांच्या नोंदणीचा अर्ज) भरायला मदत. मात्र मतदान गावच्या केंद्रावर येऊन, मूळ पासपोर्ट दाखवूनच करावं लागतं. दुसरं, राहत्या देशातला मताधिकार सांगणं. ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकांना राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं, आणि हे ठाऊक नसलेली कुटुंबं पुष्कळ आहेत.

भिंतीवर कोणता नकाशा लावावा?

भारतीय सर्वेक्षण विभागाचा. इंटरनेटवरून उतरवलेल्या नकाशांत काश्मीर आणि अरुणाचलच्या सीमा वेगळ्या असतात, आणि चुकीच्या सीमांचा नकाशा छापून वाटणं हा गुन्हा आहे. जगाचा नकाशा मराठी नावांचा घ्या, किमान अडीच फूट रुंद.